तिने फोनला विचारलं, आता उत्तर तुम्ही द्या

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मला १४ वर्षांची मुलगी आणि १२ वर्षांचा मुलगा आहे. मागच्या आठवड्यात शाळेचा एक निरोप बघायला मुलीचा फोन हातात घेतला, तर तिने काय काय शोधलं त्याची यादी समोर आली. ‘मिठी मारल्याने दिवस जातात का’, ‘पाळी दहा दिवस उशिरा’, ‘पांढरं जाणं कोणता आजार’ आणि सगळ्यात खाली ‘आईला न सांगता डॉक्टरकडे जाता येतं का’. माझे हातपाय गार पडले. अजून तिला काही विचारलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, फोन काढून घे आणि या विषयावर तिच्याशी बोलत बसू नकोस, नाही ते डोक्यात भरेल. मोठ्या नणंदबाई म्हणतात, एकदा लेडी डॉक्टरकडे नेऊन गुपचूप तपासून घे, म्हणजे जिवाला घोर नको. पाळी आली तेव्हा पॅड कसं लावायचं, कधी बदलायचं, एवढं मी तिला सांगितलं होतं. माझ्या आईने मला तेवढंही सांगितलं नव्हतं आणि माझं काही बिघडलं नाही. मुलाचा प्रश्न नाही, मुलगे मित्रांकडून शिकतातच. पण मुलीचं काय करू? फोन काढून घेऊ? सरळ विचारू? की डॉक्टरकडे नेऊ?

प्रिय ताई,

यादी वाचल्यावर तुम्ही तडक लेकीसमोर जाऊन उभ्या राहिला नाहीत, आठवडाभर मनात ठेवलंत आणि मग लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. तुमचा पहिला शब्द अजून उच्चारायचा आहे. तो कसा असावा, यावर पुढचं बरंच काही ठरणार आहे.

आधी आपण दोघी ती यादी पुन्हा वाचू. तुम्हाला तिच्यात गुन्ह्याची कबुली दिसली. मला वेगळंच दिसतं. शरीरसंबंध म्हणजे काय हे ज्या मुलीला नीट ठाऊक आहे, ती मिठीने दिवस जातात का असं विचारणार नाही. हा प्रश्न त्याच मुलीला पडतो जिला मूल राहतं कसं, हेच कुणी धड सांगितलेलं नाही. माझा अंदाज असा: कुणीतरी तिला मिठी मारली असेल, किंवा तिने कुणाला मारली असेल, किंवा वर्गात कुणाबद्दल काही कुजबुज ऐकली असेल. नेमकी त्याच सुमारास पाळी लांबली. तिने दोन्हींची सांगड घातली. मग अंगावरून पांढरं गेलेलं दिसलं, तेही तिने त्याच सांगडीत बसवलं. म्हणजे तुमची मुलगी गेले काही दिवस शाळेत जाते आहे, जेवते आहे, अभ्यासाला बसते आहे, आणि आतून आपल्याला दिवस गेलेत की काय या धास्तीत आहे. एकटीच.

चौथ्या ओळीने तुम्ही सगळ्यात जास्त दुखावल्या असाल. मला मात्र त्या ओळीत एक शहाणपण दिसलं: तिला डॉक्टरकडे जावंसं वाटतंय. मित्राने सांगितलेल्या गोळ्या किंवा कुठल्या तरी व्हिडिओतला उपाय नको, डॉक्टर हवा आहे. त्या ओळीतले पहिले तीन शब्द तेवढे आपल्याला बदलायचे आहेत.

प्रत्यक्षात काही घडलेलंच नसेल असं मी म्हणत नाही. तेही शक्य आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. पण प्रश्न विचारला म्हणजे तसं केलंच असणार, हे गृहीत धरून तुम्ही बोलायला बसलात तर बोलणं पहिल्या मिनिटात संपेल. आधी तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. तुमचे प्रश्न नंतर, आणि तेही मोजके.

उत्तरं देण्यासाठी ती तुमच्याकडे हवीत, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते.

दिवस जाण्यासाठी पुरुषाच्या वीर्यातले शुक्राणू योनीमार्गातून आत जावे लागतात आणि बीजकोशातून सुटलेल्या स्त्रीबीजाशी त्यांचा संयोग व्हावा लागतो. मिठीने, चुंबनाने, एकाच टॉवेलने अंग पुसल्याने, एकाच तलावात पोहल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने हे होत नाही. हे वाक्य तिला स्पष्ट, शरीराच्या भागांची नावं घेऊन सांगा. ‘तसं काही नसतं गं’ एवढ्यावर सोडलंत, तर ‘तसं’ म्हणजे कसं हे शोधायला ती पुन्हा फोनकडेच जाईल.

पाळीचं म्हणाल, तर पहिली पाळी आल्यानंतरची दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं अगदी सर्वसाधारण आहे. मेंदू, त्याच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी आणि बीजकोश यांचं आपसातलं चक्र बसायला वेळ लागतो. सुरुवातीला पुष्कळदा स्त्रीबीज सुटतच नाही, आणि ते न सुटलेल्या महिन्यात पाळी केव्हा येईल याचा नेम नसतो. मोठ्या बाईच्या दोन पाळ्यांमध्ये साधारण महिन्याचं अंतर असतं. या वयात ते २१ पासून ४५ दिवसांपर्यंत काहीही असू शकतं. परीक्षेचा ताण, ताप, जागरण, वजन एकदम कमी होणं, फार जोरदार व्यायाम यांनीही पाळी लांबते. भीतीनेही लांबते. आपल्याला दिवस गेलेत या भीतीनेच पाळी आणखी पुढे गेली, असं मी कितीतरी मुलींच्या बाबतीत बघितलं आहे. दहा दिवसांचा उशीर, बाकी काही घडलेलं नसेल तर, काळजीचा नाही.

काळजी केव्हा करायची तेही सांगून ठेवते, कारण ‘या वयात असंच होतं’ म्हणत खरे आजारही अंगावर काढले जातात. तीन महिने पाळीच आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजून बदलावं लागलं, किंवा दर महिन्याला शाळा बुडावी इतकं दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. पाळीतलं दुखणं बहुतेकदा गर्भाशय आकुंचन पावल्यामुळे असतं आणि त्यावर चांगली औषधं आहेत. बाईच्या जातीने सोसायलाच हवं, हे कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही. आणि १५ वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळीच आली नसेल, तर त्याही मुलीला दाखवून घ्यायला हवं.

पांढरं जाण्याची भीती तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘अंगावर जातं, हाडं झिजतात, मुलगी वाळत चाललीय.’ खरं सांगायचं तर वयात येताना योनीमार्गातून पातळ, पांढरट किंवा पारदर्शक स्राव येणं ही शरीराची नेहमीची व्यवस्था आहे. पहिल्या पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर तो सुरू होतो आणि पुढे महिन्याच्या चक्राप्रमाणे कधी पातळ, कधी चिकट, कधी कमी, कधी जास्त होत राहतो. हाडं वगैरे काही झिजत नाहीत. त्याला घाण वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, दह्यासारख्या गुठळ्या पडत असतील, खाज किंवा जळजळ असेल, तर तो संसर्ग असू शकतो, आणि साध्या उपचारांनी बरा होतो. असा संसर्ग शरीरसंबंध न आलेल्या मुलीलाही होऊ शकतो. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे, उद्या तसं काही झालं तर संशय घेऊ नये म्हणून.

आता बोलायचं कसं. समोरासमोर बसवून, दार लावून, ‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ अशी सुरुवात करू नका. त्या वाक्यानेच मुलांच्या पोटात गोळा येतो. शेजारी शेजारी असताना बोला: चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात. नजरेला नजर नसली की जड गोष्टी हलक्या होतात. घरात तेव्हा बाकी कुणी नको.

फोन बघितल्याचं लपवायचं का? माझं मत स्पष्ट आहे, लपवू नका. ‘सहज विषय निघाला’ असं नाटक केलंत, तर १४ वर्षांची मुलगी ते लगेच ओळखते आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही. साधारण असं म्हणता येईल: “शाळेचा निरोप बघायला तुझा फोन घेतला होता, तेव्हा तू काय शोधलंस ते माझ्या नजरेस पडलं. मी ते मुद्दाम बघायला गेले नव्हते, पण दिसलं, आणि दिसलं हे तुझ्यापासून लपवणार नाही. मी रागावलेली नाही. हे प्रश्न पडणं अगदी बरोबर आहे. मी आधीच सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. आधी एक ऐक, मिठीने दिवस जात नाहीत.”

आणि थांबा. ती काही बोलेलच असं नाही. कदाचित रडेल, कदाचित ‘माझा फोन का बघितलास’ म्हणून चिडेल. चिडली तर तो राग रास्त आहे, ऐकून घ्या, लगेच स्वतःची बाजू मांडू नका. कदाचित नुसतं ‘हं’ म्हणेल आणि कूस बदलेल. तरी तुमचं अर्धं काम झालेलं असेल. पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त नको. पाळीचं, पांढऱ्याचं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. एका बैठकीत सगळं उरकण्याचा विषय नाही हा, वर्षानुवर्षं थोडं थोडं बोलायचा आहे.

तुमच्या मनातला प्रश्न विचारायचाच आहे, तर तो असा विचारता येईल: “तुला काळजी वाटावी असं काही घडलंय का? घडलं असेल तरी आपण मिळून बघू. आणि तुला नको असताना कुणी काही केलं असेल, तर त्यात तुझा काहीही दोष नाही.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेकदा ओळखीतलीच असतात. ‘मिठी’ हा शब्द कुणाच्या मिठीबद्दल होता, ती मिठी तिला हवी होती का, हे आपल्याला अजून माहीत नाही. घरी आपल्यालाच बोलणी बसतील या भीतीने मुलं अशा गोष्टी मनात ठेवतात. म्हणून तुम्ही पहिल्यांदा ऐकाल तेव्हा तुमचा चेहरा कसा असेल, याची तयारी आधीच करून ठेवा. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे वाक्य तोंडून निघता कामा नये.

नणंदबाईंच्या सल्ल्याबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे. त्यांना तुमची काळजी आहे, हे मान्य. पण गुपचूप तपासून घेण्यासारखं काही मुळात अस्तित्वातच नाही. योनीमुखाशी असलेला पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. काहींचा जन्मतः अगदी नावापुरता असतो, काहींचा लवचिक असतो, तर काहींचा शरीरसंबंधानंतरही होता तसाच दिसतो. त्याच्याकडे बघून मुलीचा शरीरसंबंध आला आहे की नाही, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क व महिला विभागांनी एकत्र येऊन जाहीर केलं की कौमार्याच्या अशा तपासणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही आणि ती सगळीकडे बंद झाली पाहिजे. शास्त्र बाजूला ठेवलं तरी विचार करा. खोटं कारण सांगून आईने आपल्याला नेलं आणि परक्या माणसाकडून तिथे तपासून घेतलं, हे मुलगी जन्मभर विसरणार नाही. पुढे खरोखर अडचणीत सापडली तर ती तुमच्याकडे येणार नाही. नणंदबाईंना एवढंच सांगा, ‘मी बोलतेय तिच्याशी, ती ठीक आहे.’ लेकीच्या शरीराची चर्चा नातेवाइकांत आणखी पसरू देऊ नका. तिला ते कळलं तर फोन बघितल्यापेक्षा जास्त लागेल.

डॉक्टरकडे मात्र जरूर न्या, तिला विचारून. “तुझ्या मनात शंका असतील तर डॉक्टरांशी बोलू या. मी काही वेळ बाहेर बसेन, तुला हवं ते तू एकटीने विचार.” या वयाच्या मुलांशी काही मिनिटं पालकांशिवाय बोलण्याची पद्धत चांगले डॉक्टर पाळतात. बहुतेक वेळा नुसत्या बोलण्यावर भागतं, आतून तपासण्याची गरज पडत नाही. त्याच भेटीत एचपीव्ही नावाच्या विषाणूवरच्या लशीचंही विचारून घ्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळपास नेहमी या विषाणूमुळेच होतो, आणि लस शरीरसंबंध सुरू होण्याच्या खूप आधी दिली की सर्वांत चांगली लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी ९ ते १४ हे वय त्यासाठीच सांगितलं आहे. लस दिली म्हणजे मुलीला मोकळीक दिली, असं काही आयांना वाटतं. ही कॅन्सर टाळायची लस आहे, मुलीच्या वागण्याशी तिचा संबंध जोडू नका.

आता ती शक्यता, जिच्या भीतीने तुमची झोप उडाली आहे. समजा ती म्हणाली की हो, मिठीपेक्षा जास्त घडलंय. त्या क्षणी तुम्हाला राग येईल, रडू येईल, आणि ते साहजिक आहे. पण आधी हातातलं काम. संबंध गेल्या तीन दिवसांत आला असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा उपयोग होतो. जितक्या लवकर घ्याल तितकी ती परिणामकारक. काही प्रकारच्या गोळ्या पाच दिवसांपर्यंतही चालतात. त्याहून जास्त दिवस उलटले असतील तर पाळी चुकल्यावर लघवीची घरगुती चाचणी करता येते. पाळीच अनियमित असेल, तर संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेली चाचणी भरवशाची. जबरदस्ती झाली असेल तर अजिबात न थांबता डॉक्टर गाठा, कारण एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत डॉक्टरांवर आणि पालकांवर कायद्याने काही जबाबदाऱ्या येतात. त्या ठिकाणाप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्याकडे काय नियम आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. यातलं काहीच लागणार नाही अशी माझी मनापासून इच्छा आहे. तरीही लिहिलं, कारण हे सदर वाचणाऱ्या कुणाला तरी आज रात्रीच त्याची गरज असेल.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. ‘सांगितलं तर डोक्यात भरेल.’ हे त्यांच्या एकट्याचं मत नाही, घरोघरी ते ऐकू येतं, आणि त्यामागे मुलीवरचं प्रेमच आहे. पण तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी प्रश्न डोक्यात आलेच. उत्तर तेवढं आलं नाही. वयात येणं म्हणजे शरीरात संप्रेरकांचा जोर वाढणं. मुलींमध्ये ते साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतं. कुतूहल त्याच्याबरोबरच येतं, ते कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही.

आणि हा नुसता माझा अनुभव नाही. युनेस्कोने २००९ साली लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१८ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासह, ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली. त्यासाठी निरनिराळ्या देशांतले अभ्यास तपासले गेले. नीट शिक्षण मिळालेली मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यांत आढळलं नाही. उलट कितीतरी ठिकाणी मुलांनी पहिला संबंध लांबणीवर टाकलेला दिसला, आणि संबंध आलाच तर निरोध किंवा इतर साधनं वापरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. न सांगण्याची किंमत मात्र मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या सुमारे २ कोटी १० लाख मुलींना वर्षभरात दिवस जातात, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या वेळा ते नको असताना. यांतल्या कितीजणींना ‘पहिल्या वेळेला काही होत नाही’ असं कुणीतरी सांगितलेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पहिल्या वेळेलाही दिवस जाऊ शकतात. पाळीच्या आधीचे-नंतरचे ‘सुरक्षित दिवस’ मोजून चालणं तर या वयात फारच धोक्याचं. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, पण पुढची पाळी केव्हा येणार हेच जिथे ठाऊक नाही, तिथे उलटं मोजणार कसं? शिवाय शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

यजमानांना हे सगळं वाचून दाखवाच असं नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘आपण नाही सांगितलं तर तिला कुणी सांगितलेलं तुम्हाला चालेल?’

फोनबद्दल आता वेगळं लिहायची गरज नाही असं तुम्हाला वाटेल, तरी लिहिते. काढून घेऊ नका. प्रश्न विचारल्याची शिक्षा झाली, एवढाच त्याचा अर्थ ती घेईल आणि पुढच्या वेळी मैत्रिणीच्या फोनवर शोधेल, यादी पुसून टाकायलाही शिकेल. त्यापेक्षा तिने शोधलं तेव्हा काय काय सापडलं, ते तिच्याचबरोबर बसून बघा. कोण लिहितंय, डॉक्टर आहे की काही विकणारा आहे, भीती घालून शेवटी गोळ्या-चूर्णाची जाहिरात येते का, हे ओळखायला शिकवा. हे तिला जन्मभर उपयोगी पडेल.

‘माझ्या आईने काही सांगितलं नाही आणि माझं काही बिघडलं नाही’, या वाक्यापाशी मी थोडी रेंगाळले. ताई, तुमची पहिली पाळी आठवून बघा. ते रक्त बघून तुम्हाला काय वाटलं होतं? कुणाला विचारलं होतं? लग्न ठरल्यावर तुम्हाला काय माहीत होतं आणि कशाची भीती वाटत होती? उत्तर मला कळवायला नको. बिघडलं नाही हे खरंच असेल, पण सोपं गेलं होतं का, एवढंच मनाशी तपासा. तुमच्या आईलाही कुणी सांगितलेलं नसणार, त्यांचा दोष कसा काढायचा? तुमच्याकडे मात्र आज त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

शेवटी मुलाबद्दल, ज्याचा तुमच्या मते प्रश्नच नाही. मला तोच जास्त एकटा वाटतो. मुलीला निदान पाळीच्या निमित्ताने कुणीतरी जवळ घेऊन बसवतं. मुलाच्या वयात येण्याची घरात नोंदसुद्धा होत नाही, आवाज फुटला की चेष्टा तेवढी होते. १२व्या वर्षी त्याला काय माहीत हवं? झोपेत वीर्यपतन होऊन कपडे ओले होतात, तो आजार नाही आणि त्याने ताकद जात नाही. हस्तमैथुनाने कमजोरी, वेडेपणा किंवा नपुंसकत्व येत नाही. ही एकच भीती विकून किती जणांनी किती पैसा केला असेल, याची गणती नाही. जवळपास निम्म्या मुलांना या वयात काही काळ छातीत गाठीसारखा उंचवटा येतो, दुखतोही, आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत जातो. त्या काळात शर्ट काढायला लाजून खेळणं, पोहणं सोडणारी मुलं मी बघितली आहेत. नुसतं ‘असं होतं आणि जातं’ एवढं सांगितल्यावर त्यांचे खांदे सैल पडतात.

एक गोष्ट तर जपून सांगायलाच हवी. वृषणात अचानक जोराची कळ आली, सूज आली, उलटीची भावना झाली तर त्याने तत्काळ घरी सांगायचं, मध्यरात्र असली तरी. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा तुटला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर वृषण गमवावं लागू शकतं. लाजेपायी मुलं ‘पोटात दुखतंय’ म्हणतात आणि मोलाचे तास निघून जातात. ज्या घरात या भागाचं नावच कधी घेतलं जात नाही, तिथे रात्री दोन वाजता ते पहिल्यांदा कसं घेणार?

मित्र यातलं काही सांगणार नाहीत, त्यांनाही ते माहीत नसतं. ते दाखवतील ते अश्लील व्हिडिओ. तुमच्या मुलाने अजून बघितले नसतील तरी लवकरच कुणीतरी त्याच्यासमोर फोन धरेल. त्याला आधीच सांगून ठेवा की ते अभिनय करून पैशासाठी बनवलेलं असतं, खऱ्या माणसांची शरीरं आणि नाती तशी नसतात, आणि तिथे कुणी कुणाला ‘तुला चालेल का’ असं विचारताना सहसा दिसत नाही. खऱ्या आयुष्यात ते विचारावं लागतं. समोरचा गप्प राहिला, कचरला, तर तो होकार नसतो. कुणाचा उघडा फोटो मागायचा नाही, आपला पाठवायचा नाही, आणि कुणी आपल्याला फोटोवरून धमकावलं तर पैसे न देता, काही न पुसता आधी घरी सांगायचं. हे मुलीलाही तितकंच सांगायचं आणि मुलीची पाळी म्हणजे काय हे मुलालाही. बहिणीच्या कपड्यावर डाग दिसला तर हसायचं नाही, शांतपणे तिला सांगायचं, हे १२व्या वर्षी शिकलेला मुलगा वर्गातल्या मुलींशीही तसाच वागतो.

मुलाशी बोलायला यजमानांनाच पुढे करा. त्यांना संकोच वाटत असेल तर तसं मुलाला सांगूनच सुरुवात करू देत: “माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे मला नीट जमतंय असं नाही, पण तुला माहीत असावं म्हणून सांगतो.” मुलांना वडिलांचा संकोच चालतो. तरीही त्यांना नाहीच जमलं, तर मामा, काका, डॉक्टर, विज्ञानाचे शिक्षक यांपैकी तुमचा पूर्ण भरवसा असलेल्या कुणालातरी सांगा, किंवा तुम्ही स्वतःच बोला. आईने मुलाशी हे बोलू नये, असा काही नियम नाही.

मुलाचं या महिन्यात कधीही करा. मुलीचं मात्र आजच, निदान तेवढं एक मिठीचं वाक्य. पाळी अजून आली नसेल, तर ती रोज सकाळी उठल्या उठल्या आधी तेच बघत असेल.